पाळी जायच्या वयात आईने पोरांचे क्राफ्ट प्रोजेक्ट करत बसावं का?

मालवणची_माय:
माझं मत आधीच सांगते, मग तुम्ही काय ते बोला. मेनोपॉजच्या उंबरठ्यावर असलेल्या आईने मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट स्वतः करून देणं बंद करावं आणि का बंद केलं ते मुलांना मेनोपॉजचं नाव घेऊन सांगावं. माझं लग्न उशिरा, मुलं उशिरा, त्यामुळे मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत आणि माझी पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत. दिवसभर पतपेढी, संध्याकाळी घरचं, आणि रात्री नऊला ग्रुपवर मेसेज की उद्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं मॉडेल आणा. कागदाचे तुकडे उडतात म्हणून पंखा बंद करायचा आणि नेमकी तेव्हाच छातीपासून कानापर्यंत गरम लाट येते, त्यात आपल्याकडची दमट हवा, घाम सुकत नाही आणि फेविकॉलही सुकत नाही, बुरूज चिकटेपर्यंत हातात धरून बसायचं. मग पहाटेपर्यंत झोप नाही. मी घरात सांगून टाकलंय, सामान आणून देईन, काम ज्याचं त्याने करायचं. सासूबाईंना पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

देवगडकरीण:
ताई राग मानू नका पण मलाही नाही पटलं. हा त्रास कुणाला चुकलाय, मला पण होतोय, म्हणून पोरांचं काम सोडायचं? आणि सहावीतल्या मुलग्याला आईच्या पाळीचं कशाला सांगायचं, त्याचं वय काय. मार्कांचं पण बघा ना, निम्म्या वर्गाची मॉडेलं घरच्यांनी केलेली, काहींची चक्क विकत आणलेली, त्यात आपल्या पोराचा वाकडा किल्ला ठेवला की त्याचं तोंड उतरतं. चार वर्षं कळ काढायची, पुढे आहेच आपल्याला वेळ.

कुडाळचा_मास्तर:
मी शिक्षक आहे म्हणून मार्कांचं सांगतो. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर चालता चालता मुलाचं शिकणं तपासण्याची, आठ साधनं आहेत, प्रकल्प त्यातलं एक. तोंडी काम, प्रात्यक्षिक, वर्गातला स्वाध्याय हे पण त्यात येतं. मूल स्वतः बसलं होतं की नाही ते दोन प्रश्न विचारले की कळतं, तटाला किती बुरूज ठेवलेस विचारलं तर विकतच्या मॉडेलवाला गप्प. आदल्या रात्री मेसेज टाकणं ही मात्र शाळेची चूक, तिथे पालकांनी बोललंच पाहिजे. फक्त मालवणच्या ताईंशी एक मतभेद, सहावीचं ठीक आहे, तिसरीच्या मुलीला एकटं सोडू नका, तिला सोबत लागते.

रत्नागिरीची_नर्स:
देवगडच्या ताईंचं 'कळ काढायची' हे मला अजिबात मान्य नाही. अशीच कळ काढून बायका हिमोग्लोबिन 7 वर घेऊन येतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात, हा चाललाय तो त्याच्या आधीचा काळ आणि तो काही वर्षं चालतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वरखाली होतं, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जराशा उष्म्यालाही दचकतं, म्हणून ती लाट. पण मालवणच्या ताई, सगळं मेनोपॉजवर ढकलू नका. धडधड, घाम, चिडचिड थायरॉइडने पण होते, आणि पंधरा दिवसांत पाळी येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, टीएसएच (थायरॉइडची) आणि सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरेची) या रक्ततपासण्या करून घ्या. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका. या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांना, धोके दाखवणाऱ्या 2002 च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर सगळे घाबरले, पण नंतर नीट बघितल्यावर दिसलं की 60 च्या आतल्या, पाळी जाऊन 10 वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा बहुधा धोक्याहून मोठा असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर सहसा देत नाहीत. डॉक्टरांशी बोलूनच, मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नाही.

वेंगुर्ल्याचो_बाबा:
ह्या सगळ्यात बापूस खंय हा? माझी आवस ह्याच वयात मागच्या पडवेत जावन बसायची, आमका वाटायचा रागावली हा, खरा काय ता कोणी सांगूकच नाय. म्हणून मी तर म्हणेन मुलग्यांना सांगाच, उद्या त्यांच्याही घरात बायको असणार आहे. आणि पुठ्ठा कापायला आईच कशाला लागते?

देवगडकरीण:
बाबा, माझे मिस्टर जहाजावर, सहा सहा महिने घरी नसतात. बापाने करावं हे बोलायला सोपं आहे. मुलाला सांगण्याचं म्हणाल तर तुमच्या आईचं वाचून थोडं पटलं, मार्कांचं नाही पटलं. सगळे मास्तर असे प्रश्न विचारत नाहीत.

मालवणची_माय:
आमचे हेही मुंबईला, महिन्यातून एखाद्या शनिवारी येतात, त्यामुळे तुमचं कळतं मला. मुलाने करवंट्यांच्या तुकड्यांची तटबंदी केली, वाकडी झालीच. पण महाद्वार लांबून दिसत नाही हे त्याने गडावर बघितलेलं, म्हणून दरवाजा असा वळणात लपवला की बाईंना मॉडेल फिरवून शोधावा लागला. हे मी केलं असतं तर सरळ समोर कमान लावून मोकळी झाले असते. मास्तर म्हणतात ते तिसरीचं मान्य, तिच्याजवळ बसते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायचं म्हटलंय, आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, पिंगुळीला 2021 चे पद्मश्री परशुराम गंगावणे यांचं कळसूत्री बाहुल्यांचं काम आहे, तिकडे न्या की पोरांना. पालकसभेत मी हेच मागणार, शिवाय प्रोजेक्ट आठ दिवस आधी सांगा आणि त्यातले दोन तास वर्गातच द्या. तुमच्या शाळेत मागाल का?

देवगडकरीण:
आठ दिवसांचं मागेन, त्यात वाद नाही. पण शाळा विकतची मॉडेलं घेते तोवर मी लेकाला एकटं सोडणार नाही, जागावं लागलं तरी. टीएसएच मात्र सोमवारीच करून घेते.