मदत हवी: सायप्रिनस फ्लाय तोंडात घेतो, पण मला कळेपर्यंत थुंकतो

नमस्कार मंडळी. मी वाईचा. धोम धरणाच्या फुगवट्याला दोन वर्षं फ्लायवर (गळाला लोकर-पीस बांधून केलेल्या खोट्या किड्यावर) सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, धरायच्या मागे आहे. मत्स्यसंस्थेची परवानगी काढलेली आहे, मासा परत सोडतो.

फाल्गुनात पाणी उतरलं की हे मासे काठाच्या गुडघाभर पाण्यात चरायला येतात. तोंड गाळात, शेपटीचं टोक बाहेर, वर बारीक बुडबुडे. जाळं लावणारे काका म्हणतात, "गाळातला मासा, त्याला कसलं खेळवायचं?" मला हे पटत नाही. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात हा तग धरतो. याच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाला जोडलेली असते, त्यामुळे काठावर पाय आपटला तरी त्याला समजतं. गेल्या वर्षी एका माशाने वीस मिनिटं रीळ फिरवत ठेवलं आणि शेवटी बुडीत बाभळीच्या खुंटात तंगूस तोडून गेला. त्या रात्री मला झोप नव्हती.

रॉड ८ वेटचा (म्हणजे ८ वजन-नंबरच्या दोरीसाठीचा), ९ फुटी. फ्लाय घरीच बांधतो: ८ नंबरच्या गळावर तपकिरी लोकर, कोंबड्याचं पीस आणि बुडावी म्हणून किल्लीच्या साखळीचे दोन मणी.

अडचण अशी. मासा गाळासकट सगळं ओढून घेतो, खाण्याजोगं ठेवतो, बाकीचं क्षणात थुंकतो. तोंडात दात नाहीत, चावणारे दात घशात. त्यामुळे झटका असा बसतच नाही. दोरी ढिली असली तर ती हलतही नाही. सकाळी ऊन तिरपं असतं, पाणी चकाकतं, पोलराइज्ड चष्मा लावूनही डोकं नीट दिसत नाही. मग अंदाजाने ओढतो. कधी लवकर, कधी उशिरा. उशिरा ओढलं की गळ अंगाला घासून जातो आणि सगळा थवा पांगतो.

ज्यांनी असा मासा फ्लायवर धरलाय त्यांना विचारतो: तुम्ही नेमकं काय बघून ओढता, डोक्याचं वळण, कल्ल्यांची हालचाल की दोरीचं टोक? फ्लाय तोंडापुढे किती टाकता? मी हातभर पुढे टाकतो, तर तो वाट बदलतो. वीतभर टाकली तर दचकून पळतो. आणि उंबराची फळं पाण्यात पडतात तिथे तरंगती फ्लाय कुणी चालवलीय का? तिथे मासा वर येऊन घेताना दिसतो, म्हणजे निदान ओढायची वेळ तरी चुकणार नाही.

येत्या रविवारी पहाटे जाणार आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.