अपॉस्ट्रॉफी नेमका कुठे?

इंग्रजीतला ‘इट्स’ (its) मालकी दाखवतो म्हणून त्यात अपॉस्ट्रॉफी (’ हे चिन्ह) हवाच, असं काही जण म्हणतात. नाही हो, घोळ इथेच होतो. हिज, हर्स, युअर्स, देअर्स यांपैकी कशातही तो नसतो. मालकीचा ‘इट्स’ त्याच पंगतीतला. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून पाहा, अर्थ लागला तरच अपॉस्ट्रॉफी द्या.

अनेकवचनी नामाची मालकी दाखवताना मी आधी अनेकवचन पूर्ण लिहितो, मगच चिन्हाकडे वळतो. ‘स्टुडंट्स’च्या शेवटी एस आहेच, पुढे नुसता अपॉस्ट्रॉफी पुरे, ‘चिल्ड्रन’ला मात्र अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लागतात.

आणि ‘वन क्रायटेरिया’ कृपया नको! ते ग्रीक वळणाचं अनेकवचन आहे, एकवचन ‘क्रायटेरियन’. फिनॉमिनन-फिनॉमिना ही जोडीही तशीच.