माळ घातल्यावर व्हिटॅमिन बी१२ कमी आलंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. बाबांनी ४ वर्षांमागं माळ घातली, मटण-अंडी सगळं बंद, वजन उतरलं, कोलेस्टेरॉलपण कमी आलं म्हणून आम्ही खूष, पण आता पायाला मुंग्या यायलेत आणि रिपोर्टात बी१२ लई कमी. डॉक्टर म्हणाले हे मटण-मासे-अंड्यात असतं, शाकाहारात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, डाळी-भाजीत नाही. आणि बाबांना दूध पचत नाही! काका म्हणायलेत माळ काढ, पांढरा रस्सा पी (त्यांना स्वतःला बीपी आहे, ते सोडा). माळ तर बाबा काढणार नाहीत. इंजेक्शनं चालू आहेत, ती संपल्यावर गोळ्या कायमच्या काय? नुसत्या दही-ताकावर भागतंय काय? बेळगाव भागात कुणा माळकऱ्यांच्या घरी असं झालं असेल तर सांगा की.