जुन्या सदनिकेच्या दुरुस्तीसाठी खात्रीचा ठेकेदार कसा पारखावा? (इंदिरानगर, नाशिक)

इंदिरानगरवासी

नमस्कार. इंदिरानगरमध्ये आमची सुमारे 850 चौरस फुटांची सदनिका आहे. इमारत 1998 सालची आहे. दोन्ही न्हाणीघरांतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे खालच्या घरातील छताचा गिलावा सुटू लागला आहे, ओट्याखालचे नळ गंजले आहेत आणि वायरिंग इमारत बांधली तेव्हाचेच आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या आतील गळतीची दुरुस्ती सभासदानेच स्वखर्चाने करायची असते. ती जबाबदारी आम्हाला मान्य आहे आणि शेजाऱ्यांना हा त्रास आणखी सोसायला लावणे मनाला पटत नाही.

तीन ठेकेदार घर पाहून गेले. पहिल्याने सगळे काम 4.5 लाखांत उक्ते, म्हणजे एकाच ठोक रकमेत, घेण्याची तयारी दाखवली, पण निम्मी रक्कम आधी उचल म्हणून मागितली आणि कागदावर एका ओळीपलीकडे काही लिहून दिले नाही. दुसऱ्याचे सविस्तर अंदाजपत्रक 7 लाखांचे आहे. तिसरा केवळ मजुरीवर काम करतो. साहित्य आम्ही आणायचे आणि हिशोब मोजमापावर करायचा, असे त्याचे म्हणणे आहे. नातेवाइकांपैकी प्रत्येकाने आपापला माणूस सुचवला आहे, परंतु 'माणूस चांगला आहे' यापलीकडे त्याच्या कामाविषयी कोणालाच काही सांगता येत नाही. शिवाय 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे चांगले गवंडी आणि प्लंबर सहज मिळत नाहीत, असे तिघेही सांगतात.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत आणि काम चालू असतानाही ते याच घरात राहणार आहेत, त्यामुळे काम अर्धवट सोडून जाणारा माणूस आम्हाला परवडणार नाही. मला कोणाचा फोन क्रमांक नको आहे. ठेकेदार पारखायचा कसा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

स्थापत्य_गंगापूररोड

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. आपल्याकडे आलेले तीन आकडे तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना आज करताच येणार नाही. उक्त्या आकड्यात जुनी फरशी कुठपर्यंत उखडायची, पाइप कोणते टाकायचे, वॉटरप्रूफिंगचे किती हात (थर) द्यायचे, हे काहीच ठरलेले नसते. ते काम चालू असताना ठरते, आणि तोपर्यंत निम्मे पैसे देऊन बसल्यामुळे मालकाला 'नाही' म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून आधी कामाची यादी आपण स्वतः तयार करावी, किंवा थोडे शुल्क देऊन एखाद्या अभियंत्याकडून करून घ्यावी. त्या एकाच यादीवर तिघांनाही बाबवार दर भरायला सांगावे: गिलावा ब्रासवर, म्हणजे 100 चौरस फुटांवर, फरशी चौरस फुटावर, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची फरशीची पट्टी) रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या फुटावर, विजेचे काम पॉइंटवर. जो ठेकेदार मोजमापाला आणि लेखी दराला कचरत नाही, त्याच्याशीच पुढचे बोलावे. माझ्या लेखी ही पहिली परीक्षा आहे आणि बरेच जण तिथेच गळतात.

दुसरी परीक्षा न्हाणीघराची. तिथे दडलेले काम दिसत नाही आणि बिघडले की सगळे पुन्हा फोडावे लागते, म्हणून यावर सविस्तर लिहितो. जुनी फरशी आणि खालचा कोबा (भरावाचा थर) काढून स्लॅब उघडा करावा लागतो. नहाणी ट्रॅप (सांडपाण्याची जाळी जिथे असते ते तोंड) आणि पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातात तिथले सांधे न आकसणाऱ्या ग्राउटने भरावे लागतात, कारण पाहण्यात येणारी बहुतेक गळती तिथूनच सुरू झालेली असते. त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे किमान दोन हात द्यायचे आणि ते केवळ जमिनीवर न थांबवता भिंतीवर किमान फूटभर, तर शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढवायचे. मग पाणी तुंबवून 48 तास ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. फरशी बसल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. नहाणीकडे दर मीटरला साधारण 10 ते 12 मिलिमीटर उतार हवा. ही पद्धत तिन्ही ठेकेदारांना न सांगता, 'तुम्ही न्हाणीघर कसे करता?' एवढेच विचारावे. ज्याला काम येते तो हे टप्पे आपणहून सांगतो. ज्याला येत नाही तो 'वीस वर्षांची गॅरंटी' देतो.

भिंतीतील सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे) पाइप गिलाव्याखाली झाकण्याआधी त्यांत दाब देऊन चाचणी घ्यावी, आणि प्रत्येक भिंतीचे मोजमापाचा टेप लावून छायाचित्र काढून ठेवावे. वायरिंगसाठी दिव्यांना 1.5, पॉवर सॉकेटला 2.5 आणि गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची वायर, तसेच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), असे यादीत स्पष्ट लिहावे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल मागावा. पुढे महावितरणकडे जोडभार वाढवायचा झाल्यास असाच अहवाल लागतो. ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710 मानकाचे (ओलाव्यात टिकणारे) प्लायवुड वापरावे.

पैशांबाबत: साहित्य आणण्यापुरती 10 ते 15 टक्क्यांची उचल पुरेशी आहे. पुढचा प्रत्येक हप्ता तारखेला न बांधता पूर्ण झालेल्या टप्प्याला बांधावा आणि 48 तासांच्या चाचणीशिवाय न्हाणीघराचा हप्ता देऊ नये. शेवटचे 10 टक्के काही महिने राखून ठेवावेत. प्रामाणिक ठेकेदार याला हरकत घेत नाही. मात्र आपणही ठरलेला हप्ता त्याच दिवशी द्यायला हवा, कारण शनिवारी त्याला मजुरांचे पगार वाटायचे असतात. मालकाने पैसे अडवल्यामुळे अर्धवट राहिलेली कामेही मी पाहिली आहेत.

सिडकोतील_गृहिणी

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. माणूस ओळखण्याविषयी थोडे लिहिते.

ठेकेदार त्याने नुकतेच काम केलेले, चकचकीत घर दाखवायला नेतो. आम्ही मात्र दोन पावसाळे पाहिलेली कामे दाखवा, असा आग्रह धरला. अशा घरात नाण्याने फरशी हलकेच ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही. दाराच्या चौकटीजवळची पुट्टी आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा भागही पाहावा. त्या घरातील बाईंना मी एकच प्रश्न विचारत असे: शेवटचा हप्ता दिल्यानंतर काही बिघडले, तेव्हा हा माणूस आला का? 'काम छान झाले' असे सगळेच म्हणतात, पण या प्रश्नाचे उत्तर देताना लोक खरे बोलतात.

चालू असलेल्या एखाद्या कामावरही न सांगता जावे. गवंडी आणि फरशीवाला त्याचेच, बऱ्याच वर्षांपासूनचे आहेत की रोज नाक्यावरून नवे आणले जातात, हे दहा मिनिटांत कळते. ओळंबा आणि लेव्हल वापरात आहेत का, गिलाव्यावर पाणी मारणारा कोणी नेमला आहे का, हेही दिसते. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मिळायला हवे आणि घाईत नेमके तेच टाळले जाते.

आमच्याकडे सिडकोच्या योजनांतील अनेक जुनी घरे भिंतींवर उभी आहेत, म्हणजे त्यांत कॉलम नाहीत. तरीही 'ही भिंत काढून हॉल मोठा करू' असे सहज सुचवणारे भेटतात. अभियंत्याचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी यांचा उल्लेखही न करता भिंत पाडायला निघणाऱ्या माणसाला मी पुढे काही विचारलेच नाही. आपली इमारत कॉलमवर उभी असली, तरी कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नये.

आणखी एक कळकळीची विनंती: राडारोडा कुठे जाणार, हे आधी विचारा आणि त्याचा खर्च यादीत धरा. नंदिनी नदीच्या काठावर रात्री गोण्या रिकाम्या करणारी वाहने आम्ही पाहतो, आणि तो राडारोडा कोणाच्या तरी नूतनीकरणातूनच आलेला असतो.

इंदिरानगरवासी

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज तिन्ही ठेकेदारांना एकच यादी पाठवली आहे. 7 लाखांच्या अंदाजपत्रकात 'वॉटरप्रूफिंग, एकूण' एवढीच ओळ आहे, हे आता लक्षात आले. पुढे वाद झालाच, तर महारेराकडे दाद मागता येते का? करार कसा असावा?

वकील_नाशिकरोड

महारेराचा येथे उपयोग नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील पाच वर्षांची दोषदायित्वाची (बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची) तरतूद प्रकल्पाच्या प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, लागू होते. आपण नेमलेला दुरुस्तीचा ठेकेदार तिच्या कक्षेत येत नाही. त्याच्याविरुद्ध दाद मागायची ती ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली, सेवेतील त्रुटी म्हणून. मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करता येतो.

आयोगापुढे सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची येते. म्हणून करारात बाबवार यादी, साहित्याचे नाव आणि दर्जा, हप्ते, काम संपवण्याची तारीख, उशिराबद्दलची भरपाई आणि दुरुस्तीच्या हमीचा कालावधी लिहावा, तसेच मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ठेकेदाराची राहील, असे स्पष्ट नमूद करावे. कामात वाढ किंवा बदल झाला, की त्याची किंमत त्याच दिवशी संदेशावर लिहून घ्यावी. बहुतेक तंटे मूळ आकड्यावरून न होता या 'वाढीव कामा'वरून होतात. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा आग्रह धरणारा माणूस पुढे पावतीही देत नाही. ठेकेदाराने जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणीचे नाव, तारीख आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही पाहता येते.

स्थापत्य_गंगापूररोड

'वॉटरप्रूफिंग, एकूण' या ओळीबद्दल: त्या ठेकेदाराला साहित्याचे नाव, किती हात, भिंतीवर किती उंची आणि 48 तासांची चाचणी, एवढे चार मुद्दे लिहून द्यायला सांगावे. त्याने ते दिले, तर आकडा अधिक असला तरी त्याच्याशी बोलणी करावीत. टाळाटाळ केली, तर मजुरीवर काम करणाऱ्या तिसऱ्याची जुनी कामे पाहावीत आणि साहित्य आपण आणावे. फरशी घेताना 5 ते 10 टक्के अधिक घ्या आणि सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करून घ्या. आई-वडील घरातच राहणार असल्याने दोन्ही न्हाणीघरे एकाच वेळी फोडू देऊ नका. पहिल्याची दुसरी चाचणी होऊन ते वापरात आल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा, ही अटही करारात लिहून घ्या.