मदत हवी आहे : दहावीच्या मुलांना इंग्रजीतील ‘डिग्री’ (विशेषणाची तुलनेची रूपे) कशी समजावून सांगावी?

नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातील एका गावात राहते आणि संध्याकाळी दहावीच्या अकरा मुलामुलींची शिकवणी घेते. यांपैकी बहुतेकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले आहेत. मुले आजीआजोबांजवळ राहून शिकतात आणि इंग्रजीचे काही अडले तर घरात विचारायला कोणी नसते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून पदवी इतिहासाची आहे, म्हणून अर्धवट समजलेले मुलांना शिकवण्यापेक्षा येथे विचारणे मला योग्य वाटते.

मुले ‘रवी इज टॉल दॅन सुनील’ असे लिहितात. दुरुस्त करून दिले की त्या दिवशी बरोबर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अकराही वह्यांत नेमकी हीच चूक सापडल्यावर माझ्या लक्षात आले, की हा निष्काळजीपणा नाही. ‘रवी उंच आहे’ आणि ‘रवी सुनीलपेक्षा उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘उंच’ जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो आणि तो ‘सुनील’ला जोडला जातो. मुले ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ ठेवतात आणि त्यांच्या दृष्टीने वाक्य पूर्ण होते. मग टॉलचे टॉलर कशासाठी करायचे, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, पण ‘तसा नियम आहे’ यापलीकडे मला उत्तर देता आले नाही.

दुसरी अडचण ‘मोर’ची आहे. लहान शब्दाला शेवटी ‘अर’ जोडावा आणि मोठ्या शब्दाआधी ‘मोर’ लावावा, असे मी सांगितले, तेव्हा एका मुलीने स्ट्राँग आणि मॉडर्न या दोन्ही शब्दांत सहा-सहाच अक्षरे असल्याचे दाखवून दिले. स्ट्राँगचे स्ट्राँगर होते, मग मॉडर्नला ‘मोर’ का? शिवाय आपण ‘जास्त उंच’ म्हणतो, त्यामुळे काही मुले ‘मोर टॉलर’ही लिहितात.

तिसरी अडचण डिग्री बदलण्याच्या, म्हणजे तेच वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहिण्याच्या प्रश्नाची. ‘वन ऑफ द’ असलेले वाक्य आणि ते नसलेले वाक्य यांच्या उत्तरांत फरक का पडतो, हे मला स्वतःलाच नीट उलगडलेले नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, मी परभणी जिल्ह्यात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे. चुकीचे मूळ आपण अचूक ओळखले आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो. विशेषणाचे रूप बदलणे मुलांना परके वाटते, पण ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द त्यांना पाठ आहेत. ज्येष्ठ म्हणजे मुळात वयाने सर्वांत मोठा आणि कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान. संस्कृतातील हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतील टॉलेस्टचा ‘एस्ट’ एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. गणितातील लसाविमध्ये जो ‘लघुतम’ आहे, त्याचा ‘तम’ हा प्रत्ययही तेच काम करतो. मराठीच्या रोजच्या बोलण्यात या शब्दांतील तुलना विरून गेली, म्हणूनच आपण ‘सर्वांत श्रेष्ठ’ असे बिनदिक्कत म्हणतो. रचना पाहिली तर ‘मोर टॉलर’ हा त्याच जातीचा प्रयोग आहे. मराठीने तो स्वीकारला, प्रमाण इंग्रजीने स्वीकारलेला नाही.

‘मोर’साठी अक्षरे मोजू नयेत, उच्चारातील ठोके मोजावेत आणि टाळ्या वाजवूनच मोजावेत. स्ट्राँगमध्ये स्वर एकच, म्हणून टाळी एक. मॉडर्नमध्ये दोन, ब्यूटिफुलमध्ये तीन. एका टाळीच्या शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात, तीन किंवा अधिक टाळ्यांच्या शब्दाआधी ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ येतात. दोन टाळ्यांच्या शब्दांत हॅपी, हेवी यांसारख्या शेवटी वाय असलेल्यांचा वाय जाऊन आय येतो आणि पुढे ‘अर’ लागतो. उरलेल्यांपैकी मॉडर्न, केअरफुल, यूसफुल अशा बहुतेकांना ‘मोर’ लागतो, तर क्लेव्हर, सिंपल, नॅरो यांना दोन्ही चालतात. मात्र काही मुले ‘इस्ट्राँग’ आणि ‘इस्मॉल’ असे म्हणतात आणि त्यांची एक टाळी जास्त पडते. आधी उच्चार सुधारून घ्यावा. गुड आणि बॅड यांची रूपे वेगळीच असल्याने ती पाठच करावी लागतील.

डिग्री बदलण्यासाठी आपली गोदावरीच घ्यावी. ती 1,465 किलोमीटर लांब आहे आणि द्वीपकल्पीय भारतात तिच्याएवढी लांब दुसरी नदी नाही. तेथे ती एकटीच पहिली आहे, म्हणून ‘द लाँगेस्ट रिव्हर’चे ‘लाँगर दॅन एनी अदर रिव्हर’ होते आणि पुढे ‘नो अदर रिव्हर इज अ‍ॅज लाँग अ‍ॅज द गोदावरी’ होते. यातील ‘अदर’ गाळला तर गोदावरी स्वतःपेक्षाही लांब ठरते, हे मुलांना फळ्यावर नद्यांची नावे लिहून दाखवावे. संपूर्ण भारताचा विचार केला तर गंगा तिच्यापेक्षा लांब आहे. तेथे गोदावरी सर्वांत लांब मोजक्या नद्यांत बसते, म्हणून ‘वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स’, मग ‘लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स’ आणि शेवटी ‘व्हेरी फ्यू रिव्हर्स आर अ‍ॅज लाँग अ‍ॅज द गोदावरी’. नदी तीच असली तरी दावा लहान झाला, आणि ‘रिव्हर्स’ हे अनेकवचन त्याचीच खूण आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर, मनापासून आभार. आज टाळ्यांचा प्रयोग केला आणि स्ट्राँगचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच मॉडर्नचे उत्तर सांगितले. ‘अदर’ही आता सात जण विसरत नाहीत. एक शंका उरली आहे : ‘सीनियर’ या शब्दापुढे ‘दॅन’ लिहिले तर ते चूक का मानतात?

प्रतिसाद

ताई, सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचे रूप घेऊनच आले आहेत. त्यांच्यापुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येतो आणि आधी ‘मोर’ लावत नाहीत. चारही शब्द एकाच पानावर लिहून द्यावेत.