फिक्सेशन लॉस २० टक्क्यांपुढे गेला, एवढ्यावरून फील्ड टेस्ट बाद ठरवावी का?

नेत्रतंत्रज्ञ:
काचबिंदूसाठी दृष्टिक्षेत्र तपासताना, म्हणजे फील्ड टेस्टमध्ये, रुग्ण मधल्या दिव्याकडे पाहत राहतो आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबतो. हम्फ्री यंत्र मधूनमधून अंधबिंदूच्या, म्हणजे निरोगी डोळ्यालाही जिथे काही दिसत नाही त्या जागी ठिपका दाखवते. नजर मधल्या दिव्यावर स्थिर असेल तर तो दिसता कामा नये. तरीही रुग्णाने बटण दाबले, तर नजर हलल्याची, म्हणजे फिक्सेशन लॉसची, नोंद होते. अशा नोंदी २० टक्क्यांवर गेल्या की अहवालात फुल्या उमटतात आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णाला सरळ पुन्हा बोलावतात. मला हे पटत नाही. सुरुवातीला यंत्राने अंधबिंदूची जागाच चुकीची धरली किंवा मध्येच डोके थोडे कलले, तर नजर स्थिर असूनही चुका साचत जातात. ठिपका न दिसताच बटण दाबत राहणाऱ्याच्या चुकाही याच आकड्यात मिसळतात.

काठावरचा:
असहमत. अंधबिंदू पाच अंशांहून अधिक रुंद असल्यामुळे एक-दोन अंशांची हालचाल या पद्धतीत बहुधा निसटते. म्हणजे हा निकष आधीच सैल आहे. मधले साधारण २४ अंशांचे क्षेत्र तपासणाऱ्या २४-२ चाचणीत तपासणीचे बिंदू ६ अंशांच्या अंतरावर असतात, मधले १० अंश तपासणाऱ्या १०-२ मध्ये केवळ २ अंशांच्या. तिथे नजर जराशी सरकली, तरी दोषाचा काठ शेजारच्या बिंदूवर जातो आणि पुढच्या चाचणीशी तुलना करताना रोग वाढला नसतानाही वाढल्यासारखा दिसतो. थेंब वाढवायचे की शस्त्रक्रिया करायची, हे त्याच तुलनेवर ठरते.

नेत्रतंत्रज्ञ:
तुलनेचा मुद्दा मान्य, पण नजरेचा पुरावा दुसरीकडेही असतो. अहवालाच्या तळाशी नजरेचा आलेख छापलेला असतो: वर जाणाऱ्या रेषा म्हणजे नजर ढळली, खाली जाणाऱ्या म्हणजे पापणी मिटली किंवा यंत्राला डोळा सापडला नाही. तो सपाट असेल तर फुल्यांना मी फार किंमत देत नाही. मला भीती वाटते ती खोट्या होकारांची, म्हणजे ठिपका न दिसताच दाबलेल्या बटणाची, कारण ते खरा दोष झाकून क्षेत्र निरोगी भासवतात. हम्फ्री यंत्रावरच्या सीटा फास्टर या नव्या, जलद चाचणीपद्धतीत तर अंधबिंदूची ही तपासणी वगळलेलीच आहे.

खेड्यातली ओपीडी:
गोल्डमनच्या जुन्या, हाताने चालवायच्या यंत्रात तपासणारा दुर्बिणीतून रुग्णाच्या डोळ्याकडे सतत पाहत असे. आता डोळा पडद्यावर दिसतो, पण चाचणी सुरू करून तंत्रज्ञ दुसऱ्याचा चष्म्याचा नंबर काढायला गेला, तर पाहणार कोण? आमच्याकडे एसटीने आलेल्या वृद्धाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणण्याआधी चाचणी थांबवावी, हनुवटी नीट टेकवावी, अंधबिंदू पुन्हा शोधावा आणि ‘ठिपके शोधू नका, समोरच पाहा’ असे त्याच्या भाषेत सांगावे. हे पहिल्या दोन मिनिटांतच करता येते.

काठावरचा:
हे सगळे करावेच. परंतु एवढे करूनही फुल्या राहिल्या आणि आलेखही खडबडीत असला, तर मी त्या अहवालाला आधाररेषा, म्हणजे पुढच्या तुलनेचा पाया, मानणार नाही. रुग्णाला त्याच दिवशी विश्रांती देऊन दुसरी चाचणी घेईन.