मुलावर गुन्ह्याची जबाबदारी कितव्या वर्षापासून? ७, १२, १६ की १८?

प्रश्न
कायद्यात ७ आणि १२ वाचायला मिळतात, बातम्यांत १६ आणि पोलीस ठाण्यात १८. समजा दहा वर्षांच्या मुलानं दुकानातून मोबाइल उचलला, तर नेमकं काय होतं? एफआयआर होतो का? वयाला पुरावा कुठला?

उत्तर १
किमान वय ७. भारतीय न्याय संहितेचं कलम २० (जुन्या भारतीय दंड संहितेचं ८२) सांगतं की सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ साठी कलम २१: आपण काय करतोय आणि त्यानं काय होईल, हे त्या प्रसंगी कळण्याइतकी समज नसेल तर गुन्हा नाही. चूक इथेच होते. समज नव्हती हे मुलाच्या बाजूनं मांडावं लागतं, आणि तेच राहून जातं. मोबाइल घेऊन दुकानाच्या पायरीवरच गेम खेळत बसलेला मुलगा आणि सिम काढून फेकून फोन विकायला निघालेला मुलगा, दोघंही दहाचेच. पण निष्कर्ष वेगळा निघू शकतो.

१६ चा आकडा फक्त निर्घृण गुन्ह्यांपुरता, म्हणजे किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असलेल्या. खून त्यात येतो, सदोष मनुष्यवध येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच हे स्पष्ट केलं. तिथेही बाल न्याय मंडळ (१८ खालच्यांची प्रकरणं पाहणारं) आधी मुलाच्या क्षमतेचं प्राथमिक मूल्यांकन करतं. ‘सोळा झाले की मोठ्यांसारखा खटला’ हे साफ चूक.

माझ्या मते ७ फारच कमी आहे. दुसरीतल्या पोराच्या समजेचा वाद मंडळापुढे चालावा, हे मनाला पटत नाही.

उत्तर २
ठाण्यातलं सांगतो. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणून ती किरकोळ गुन्ह्यात येते. बालन्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ पाहा: एफआयआर नाही, स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे. सोबत प्रौढ साथीदार असेल तर मात्र एफआयआर होतो. लॉकअप नाही, बेडी नाही. ताब्यात घेतलंच तर २४ तासांत मंडळापुढे. ‘एवढ्यावर सही कर आणि घरी जा’ असं कुणी म्हटलं तर पालकांनी तिथेच थांबवावं. मुलाची जबाबावर सही घ्यायचीच नसते. चौकशीला चार महिने, फार तर आणखी दोन. तेवढ्यात संपली नाही तर किरकोळ प्रकरण तिथेच बंद होतं.

प्रश्नकर्ता
वयासाठी आधार कार्ड चालेल?

उत्तर ३
बालन्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आधार नाही. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) विसंबू नका, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ती या कलमात बसत नाही असं म्हटलंय.

आपल्याकडची खरी अडचण १ जूनची. शाळेत घालताना अंदाजानं टाकलेली ती तारीख पुढे सोळा किंवा अठराच्या उंबरठ्यावर मुलाला सहज इकडचं तिकडे करते. जन्मदाखला वेगळा असला तरी कलमाच्या क्रमानुसार शाळेची नोंद आधी धरली जाते. म्हणून चुकीची तारीख असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. आणि वय मोजायचं ते कृत्याच्या दिवशीचं, हजर केल्याच्या दिवशीचं नव्हे. अल्पवयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो.